सालानिएता आत्याने मागे घेतलेलं भाषण

सालानिएता आमच्या गावची नर्स. फिजीची राजधानी सुवा, तिथून तासाभरावरच्या या खाडीकाठी निम्मी पोरं तिच्याच हातांत जन्मली, म्हणून ती सगळ्यांची आत्या. चार वर्षं चर्चमध्ये तिचं एकच भाषण, "ती मेथची पांढरी पावडर एकदा घेतली की माणूस मेलाच!" मी इथल्या शाळेत शिकवतो, मीही मान डोलवायचो. घाबरलेली पोरं सुधारतात, असं समजणारे आम्ही शहाणे!

गेल्या वर्षी तिच्या भाचीला, लितियाला, एचआयव्ही निघाला. सतरा वर्षांची पोर. (आता ती स्वतःच सांगते, म्हणून मी लिहितोय.) आत्याने विचारलं तर म्हणाली, "पहिल्यांदा घेतली, मेले नाही. उलट मजा आली. मग वाटलं, तू बाकीचंही खोटंच सांगत असशील." पुढे ती आणि तिचे मित्र पावडर सुईने घेऊ लागले. सुई एकच, पाच जणांत फिरली. "यांगोना नाही का आपण एकाच वाटीतून पीत? नको म्हटलं तर समोरच्याचा अपमानच की." (यांगोना म्हणजे आमचं मुळांचं पेय, बैठकीत एकच वाटी सगळ्यांत फिरते.)

आत्याला दोन दिवस घास गेला नाही. यंदा तिने गावप्रमुख इलाइतियाला सांगितलं, मी खरं तेच बोलणार. तो भडकला.

"मजा येते, असं देवाच्या घरात सांगणार? आणि सुया? आपल्या गावात कोण करतंय असलं?"

आत्याने लितियाला तिचं नाव न घेण्याचा शब्द दिला होता. ती तशीच परत निघाली. चर्चचं दार बंद झालं, मग मी तिला वर्गात बोलावलं. इलाइतिया येऊन दारातच उभा राहिला.

"पोरांनो, मी तुमच्याशी खोटं बोलले," आत्या म्हणाली. "पहिल्याच वेळी एखादा मरतो, बहुतेक मरत नाहीत. छान वाटतं, म्हणून तर पुन्हा घेतात. मग झोप जाते, दात जातात, आईसुद्धा वैरीण वाटते. वाटी फिरवा, सुई फिरवू नका. फिरवली असेल तर माझ्याकडे या. मी ओरडणार नाही. एचआयव्हीवर औषध आहे, माणूस जगतो."

"बस झालं!" इलाइतिया ओरडला.

तेवढ्यात त्याचीच मुलगी वासिती उठली. सोळा वर्षांची. बापाकडे न बघता तिने विचारलं, "आत्या, तीन महिने झालेत. आता तपासलं तर कळेल?"

"कळेल. चल, मी आहे ना."

पोर अनवाणीच निघाली. इलाइतिया दारातून बाजूला झाला. मग वाकून त्याने उंबऱ्याबाहेरच्या तिच्या चपला उचलल्या आणि दोघींच्या मागे दवाखान्याकडे चालू लागला.