अर्धा आटा

आज वाडीतला बिनगिअरचा छोटा ट्रॅक्टर लिव्हर मध्यावर, थांबायच्या जागी ठेवला तरी पुढे सरकायला लागला. बंद करून खाली वाकले. तेलाचा वास आला आणि आमचे हे आठवले.

पंधरा वर्षांपूर्वी हाच बिघाड होता. चाफ्याखाली खुर्चीत बसून ते सांगत होते, "लिव्हरच्या रॉडचा नट अर्धा आटा फिरव. जास्त नको."

"तुमचे हात मोडलेत काय?"

"शिकून घे गो. उद्या कोन करनार?"

आळशी झालेत असं वाटून मी पाना आपटला. ट्रॅक्टर जागेवर थांबला तेव्हा ते हसले, पण उठले नाहीत. आठवड्यात गेले. छातीत दुखतं हे मला सांगितलंच नव्हतं.

आज मी नट अर्धा आटा फिरवला. ट्रॅक्टर थांबला. जमलं, हे सांगायला चाफ्याकडे वळले.