निवळायला ठेवलेली बिअर

"हात नाही लावायचा काका, आपोआप निवळते," असं म्हणता म्हणता तो स्वतःच बरणीवर टिचकी मारायचा. तळाला बसलेला गाळ धुरासारखा वर यायचा. मग तोच कपाळावर हात मारून घ्यायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाताचं झाकण सारखं उचलून बघणारा.

इकडे परदेशात, सेरंगूनला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो राहायचा. पुण्याचा इंजिनिअर. मी मुलाकडे आलो तो बायको गेल्यावर. शिक्षण चौथी, इंग्रजी शून्य, म्हणजे दिवसभर बोलायला भिंत. मुलगा-सून हिचं नाव काढायचे नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. अरे, नाव न काढल्यानं जास्त वाटतं! ह्या पठ्ठ्यानं मात्र घरी केलेली बिअर दाखवायला नेलं आणि सरळ विचारलं, "काकू असत्या तर मला काय म्हणाल्या असत्या हो?"

"म्हणते कसली? झाडूनं हाणलं असतं."

दोघंही हसलो. ही गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

बिअर आधी बादलीत फसफसते. तिचा जोर ओसरला की नळीनं वरची वरची काचेच्या मोठ्या बरणीत घ्यायची, गाळ मागे ठेवायचा. उरलंसुरलं काम ती बरणीत सावकाश करते आणि निवळत जाते. तो म्हणायचा, "माहेर संपलं काका, आता सासरी चालली. तिकडे शांत होते."

"कोण शांत होतं रे सासरी?" आतून त्याची बायको.

इथल्या उकाड्यात बरणी एसीच्या खोलीत आणि माणसं पंख्याखाली. जिलेटिननं बिअर लवकर निवळते म्हणे, पण ते हाडांचं. त्याची बायको शाकाहारी, ते उंबऱ्याच्या आत येणं शक्य नाही. मी म्हटलं, "तुरटी फिरव. आमची ही विहिरीच्या गढूळ पाण्यात फिरवायची. पाणी आरशासारखं."

"काका, बिअर आहे ही, दाढी नाही!"

पण मग काकू तुरटी कशी धरायच्या, घागरीत की हंड्यात, पुढे त्या पाण्याची चव कशी लागायची, सगळं खोदून खोदून विचारलं. मी सांगत बसलो. चहाचं पार पाणी झालं.

मग त्याची नोकरी गेली. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा. इथे राहायचा पास नोकरीवरचा. महिनाभरात दुसरी नोकरी मिळवा, नाहीतर घर आवरा. त्याच आठवड्यात ह्यानं नवीन बिअर घातली.

"आत्ता हे सुचतंय तुला?" बायको म्हणाली.

"लागली नोकरी तर पार्टीला, नाही लागली तर निरोपाला."

इंटरव्ह्यू लॅपटॉपवर. वर टाय, खाली बर्मुडा. तो संपला की स्वारी बरणीपाशी. उत्तर येत नाही तोवर झाकण काढ, वास घे, टिचकी मार. त्याची कॉलेजातली मुलगी इथल्यांसारखं शेवटी 'लाह' लावून ओरडायची, "पपा, डोन्ट टच लाह!" शेवटी मीही सुनावलं, "तुझ्या टिचक्यांनी बिअरही निवळायची नाही आणि नोकरीही लागायची नाही."

"कळतं हो काका. पण हात रिकामा राहत नाही."

ही गेल्यावर मी तिचे घासलेले डबे पुन्हा पुन्हा घासत होतो.

इथल्याच पाया लेबार भागातल्या एका ऑफिसानं शेवटपर्यंत झुलवलं आणि नाही म्हटलं. सामान बांधून झालं. बायको म्हणाली, "ओत ती सिंकमध्ये." तो बरणी लेकरासारखी छातीशी धरून आमच्याकडे आला. इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक घरात एक बॉम्ब शेल्टर असतं, जाड लोखंडी दाराची खोली; आमच्याकडे त्यात अडगळ. तिथे कोपऱ्यात त्यानं ती ठेवली. दार लावलं. पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा उघडायला गेला तेव्हा बायकोनं बाही धरून ओढला. खाली टॅक्सी उभी होती.

मी त्या दाराला हात लावला नाही. बऱ्याच दिवसांनी उघडलं, तर बरणीपलीकडची पिशवी बिअरमधून शिवणीसकट दिसत होती.

हळूच ग्लास भरला आणि त्याला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. खिडकीशी ग्लास धरला. समोरच्या ब्लॉकवर बांबूला वाळत घातलेले कपडे ग्लासातून रंगासकट दिसत होते. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला.

"मी तिथे असतो तर गढूळच राहिली असती ना काका?"

"हो."

इतका हसला की फोन हलायला लागला. मग घाईनं म्हणाला, "थांबा, इंटरव्ह्यूचा फोन येतोय. कशी लागते ते सांगा मग."

मी घोट घेतला. बाटल्यांत भरायची राहिली होती, म्हणून फेस नव्हता. कडू, पण झकास. ग्लास तसाच हातात घेऊन सवयीनं त्याला सांगायला उठलो, आमचं दार उघडलं. समोरच्या दाराशी कुणा दुसऱ्यांच्याच चपला होत्या.