उचललेला आकडा

सुखदेवकाका जेवायला बसले तरी आकडा मांडीखाली ठेवत. आकडा म्हणजे कापसाच्या गाठीत रुतवून ती ओढायचा लोखंडी हूक. पांढुर्ण्याच्या आमच्या जिनिंगमध्ये प्रत्येक हमालाचा स्वतःचा असे. "बायको माहेरी गेली तं चालते गड्या, आकडा नाही गेला पाह्यजे," असं म्हणून काका स्वतःच खो खो हसत.

काका आमच्या हमाल युनियनचे अध्यक्ष. निवडणुकीची रीत त्यांनीच पाडलेली. आवारात दोन उमेदवारांची दोन पोती टाकायची आणि ज्याला मत, त्याच्या पोत्यावर आपला आकडा ठेवायचा. एकदा ठेवला की उचलायचा नाही. कोणाचा कोणता, सगळ्यांना ठाऊक. माझ्या आकड्याला बायकोच्या लुगड्याची हिरवी पट्टी गुंडाळलेली होती. मी चार बुकं शिकलेला, एकदा म्हटलं, "काका, चिठ्ठ्या टाकू." ते उखडलेच. "लपून मत द्याले आपण काय चोऱ्या करून राहिलो का बे?"

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत नागपूरचा 'भाऊ' आमच्याकडे येऊ लागला. जीपमधून उतरून काकांना वाकून नमस्कार करायचा, मेला! युनियन हाती आली की कोणाला कामावर ठेवायचं आणि काम बंद पाडून कोणत्या मालकाला वाकवायचं, सगळं त्याच्या मर्जीवर. सौंसरकडच्या एका युनियनने नकार दिला, तर तिथल्या सेक्रेटरीचा हात मोडला. तक्रार करायची कोणाकडे? ज्याच्याकडे जावं त्याच्या दारात भाऊची जीप आधीच उभी.

भाऊ काकांविरुद्ध उभा राहिला. निवडणुकीला त्याची माणसं पोत्यांजवळ येऊन थांबली. एकेक आकडा भाऊच्या पोत्यावर खणखणत पडू लागला. काकांकडे कोणी बघेना. माझ्या अंगात कसलं भूत शिरलं कोण जाणे, मी माझा आकडा काकांच्या पोत्यावर ठेवला. तिथे फक्त त्यांचाच होता.

भाऊ हसला. "हिरवी पट्टी कोणाची?"

काका उठले. त्यांनी माझा आकडा उचलला. ठेवलेला आकडा उचललेला मी तेव्हाच पाहिला, आणि तोही काकांच्या हातून.

"चुकला हा, भाऊ. पोरगी तापानं फणफणून राहिली याची, ध्यान कुठी हाय याचं?" असं म्हणत त्यांनी तो भाऊच्या पोत्यावर ठेवला.

माझी पोरगी ठणठणीत होती. मी चुकलो नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून काकांना काम मिळालं नाही. ते तिगावला लेकीकडे गेले. पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, काका."

"मंग झालं."

त्याच उन्हाळ्यात काका गेले. निरोप आला तेव्हा मी गाठी ओढत होतो. मातीला जायचं तर सुट्टी भाऊला मागावी लागली असती. मी गाठी ओढत राहिलो.