पाणी तयार होईपर्यंत

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या. हवं ते द्या." बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मासे हवे होते. खायला नव्हे, बघायला. जन्मभर भाताच्या बांधावर बसून ओढ्यातले मासे न्याहाळलेला माणूस, आणि आता समोर नुसती भिंत.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी काचेची टाकी आणली, बोअरचं पाणी भरलं, लाल मासे सोडले. एक-दोन दिवसांतच ते पोट वर करून तरंगत होते, आणि ते सगळ्यांत आधी बाबांनी पाहिले. भिंतीकडे तोंड करून पडले.

मग टाकी मी ताब्यात घेतली. घरातलं कुठलंही काम रीतसर करायचं झालं की ते माझ्याकडेच येतं. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने नीट समजावलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पचवणारे जंतू नव्या टाकीत नसतात, फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्यायचं. महिनाभर तरी.

"म्हंजे शेणखतासारखंच," बाबा म्हणाले. "कच्चं घातलं तर रोप जळतंय. पण महिना लय झाला गो. मला काय महिन्याचा पास काढून दिलाय कोणी?"

रोज सकाळी मी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत असे. हिरवा रंग आला की विष आहे, पिवळा आला की नाही.

"आज कसा?" पलंगावरून प्रश्न यायचा.

"हिरवाच."

"हिरवा भाताला बरा."

हिरवा फिकट होऊ लागला, तेवढ्यात मुरबाडकडचे चुलत सासरे गेले. भावकीचं सुतक आलं. सुतक फिटलं की घर धुवायचं, भरलेलं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी कामावर होते. परतले तर टाकी अंगणात उपडी आणि राखेने चोळलेला स्पंज दोरीवर वाळत घातलेला.

"बुळबुळीत झाला होता गो," सासूबाई म्हणाल्या. "आणि सुतकातलं पाणी घरात ठेवत नाय."

टाकीत हात घालू नका, हे मी सगळ्यांना बजावलं होतं; पण सुतकापुढे माझं बजावणं चालत नाही.

पुन्हा दुकानात गेले. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर काम लवकर होतं असं दुकानदार म्हणाला. त्याने दिलेला ओला स्पंज पिशवीत घालून, मांडीवर धरून रिक्षाने घरी आणला. पाणी परत भरलं. पुन्हा हिरवा रंग. इकडे बाबांची पेज चमच्यावर आली, मग चमचाही परत जाऊ लागला.

"आणून सोड ना गो," एकदा ते म्हणाले. "मेले तर मेले."

दारातून सासूबाई कडाडल्या, "आणि मेले की परत भिंतीकडं तोंड कराल, तुमी!"

ते हसले. हसताना ठसका लागला तो बराच वेळ थांबेना. मी पाठ चोळत म्हटलं, "पिवळा आला की त्याच दिवशी आणते." त्यांनी मान हलवली.

ते गेले तेव्हा रंग अजून हिरवट होता.

भावकीतल्या बायका आल्या. माठ, कळशी, हंडे, बादल्या, सगळं अंगणात रिकामं झालं. दोघी टाकीकडे वळल्या. सासूबाई बाबांच्या पायाशी बसल्या होत्या.

"तिला हात लावू नका."

"अगो, मयताच्या घरात पाणी ठेवत नाय."

"ठाव हाय मला. ऱ्हाऊ द्या."

त्यांच्याशी त्या दिवशी वाद घालायला कोणी धजलं नाही. बायका मागे सरल्या. पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत राहिले.

तेराव्यानंतर मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. सासूबाई रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या.

"आज कसा?"

"पिवळा."

मासे आणायला कोणी गेलं नाही. फिल्टर चालू आहे. रोज सकाळी सासूबाई चिमूटभर खाद्य टाकतात, आणि ते तळाला बसेपर्यंत बघत उभ्या राहतात.