येताना मुंबईवरून

आमच्या चर्चच्या मंडळीची सहल ज्या शनिवारी यरुशलेमला निघाली, त्या शनिवारी माझे पप्पा भल्या सकाळी आंघोळ करून, कोट घालून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. जायचं कुठंच नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं की हृदय फार दमलंय, आता विमान नाही, लांबचं नाही आणि जवळचंही नाही. तिकीट रद्द करून झालं होतं. तरी हे आपले कोट घालून तयार. मला इतका राग आला की चहाचा कप मी त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

राग परिस्थितीचा होता, त्यांचा नव्हता, असं काही मी म्हणणार नाही. त्यांचाच होता. माणसानं तोंडानं काही बोलावं. वाईट वाटतंय एवढं जरी म्हणाले असते तरी मी शेजारी जाऊन बसले असते. पण नाही. कोट घालून बसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.

पप्पा नगरच्या मिशन शाळेत भूगोल शिकवायचे. आई गेली तेव्हा त्यांनी तिच्या कबरीवर दोघांचा मिळून एकच दगड बसवला. आमच्याकडे बरेच जण असं करतात. डावीकडे तिचं नाव आणि दोन्ही तारखा, उजवीकडे यांचं नाव, जन्मतारीख आणि पुढे कोरी जागा. जित्या माणसाचं नाव दगडावर बघून मला कसंतरीच झालं होतं. पप्पा मात्र गाडीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखे निवांत होते. त्यानंतर मी त्यांना इकडे ऑकलंडला, माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात घेऊन आले. मी एकुलती एक, माझी नोकरी इथं, मुलीची शाळा इथं. सुरुवातीला ते रोज उठून परत जायचं काढायचे. शेवटी एकदा मी सांगितलं की पप्पा, एकट्यानं राहायला मी तुम्हाला नगरला पाठवणार नाही, हा विषय आता बंद. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. रात्री-बेरात्री छातीत कळ आली तर त्यांनी हाक कुणाला मारायची होती?

त्यांनी विषय बंद केला. खरंच केला. मग बऱ्याच महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाले की मंडळीची माणसं पवित्र भूमीला जातायत, मलाही जायचंय. मी घास हातात धरून बघतच राहिले. आमची मंडळी म्हणजे शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमणारी दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं, नगर, जालना, मिरज, सोलापूर अशी कुठली कुठली. त्यांच्यातले बरेच जण जाणार होते. पण पप्पा जन्मभर असल्या सहलींची टिंगल करत आलेले. येशू काय तिथं बसून राहिलाय का, असं आमच्या चर्चच्या पाळकांना तोंडावर म्हणणारा हा माणूस. म्हातारपणी ओढ लागते माणसाला, असं मी मनाशी म्हटलं आणि मला भरूनही आलं. त्यांची अट एकच होती. जाताना कुठूनही न्या, येताना मुंबईवरून यायचं. बाकीचे सगळे सिंगापूरवरून परतणार होते. तिकीट काढणाऱ्या बाईनं कटकट केली, तरी मी तिच्या मागे लागून त्यांचं आणि सोबतीला म्हणून माझं येतानाचं तिकीट मुंबईवरून करून घेतलं. तिथं आईकडचे नातेवाईक भेटायला येतील, असा माझा समज.

आणि मग डॉक्टरांनी सगळ्यावरच काट मारली.

तर त्या शनिवारी नवरा कामावर गेलेला, मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते, आणि माझी मुलगी झोपेतून उठून आली. ती तेव्हा हायस्कुलात होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजोबांचा कोट बघून ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लेट्स जस्ट डू इट हिअर, आजोबा." मी तिला गप्प बस म्हणणार, तेवढ्यात पप्पा म्हणाले, नकाशा आण. भूगोलाच्या मास्तरला नकाशा म्हटलं की संपलं. त्यांनी आपल्या मराठी बायबलच्या शेवटचा रंगीत नकाशा उघडला, पोरीनं फोनवर ऑकलंडचा काढला, आणि दोघांनी मिळून ठरवलं. आमची रॉस्किलची टेकडी म्हणजे येशूला क्रुसावर दिलं तो गुलगुथा. वन ट्री हिलच्या पायथ्याशी पार्कात जैतुनाची झाडं आहेत, तो जैतुनांचा डोंगर. दक्षिणेकडची मानुकाऊची खाडी म्हणजे गालीलचा समुद्र. गालील खरं तर वर उत्तरेला पाहिजे, तुमच्या देशात सगळंच उलटं, असं पप्पा पोरीला म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते कुणाची तरी फिरकी घेत होते. मी मुकाट्यानं पोळ्या लाटल्या, अंड्याची भुर्जी केली, थर्मास भरला.

टेकडीवर तेव्हा गाडी वरपर्यंत जायची. ईस्टरला तिथं तीन क्रूस उभे करतात, रात्री दिवे लावतात, आमच्या खिडकीतून दिसतात. पण ईस्टर होऊन गेलेला, क्रूस काढून नेलेले. वर नुसता वारा आणि ओलं गवत. एप्रिल म्हणजे इकडे थंडीची सुरुवात, आणि त्या दिवशी तर आभाळ अगदी डोक्यावर टेकलेलं. पप्पा माझ्या दंडाला धरून उभे राहिले. उशीर झाला आपल्याला, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, चला, गार लागेल.

जैतुनाच्या बागेत जरा बरं गेलं. जुनी वाकडी झाडं, खाली काळी बारीक फळं पडलेली. पप्पांनी एक उचलून चावलं आणि थू थू करून थुंकलं, इतकं कडू. पोरगी हसून लोळायची बाकी राहिली. पार्कात पलीकडे मेंढरं चरत होती, ती बघून म्हणाले, मेंढरं आहेत, मेंढपाळ कुठाय? मी म्हटलं, इथं कुंपण असतं, मेंढपाळ लागत नाही. बाकावर बसून भुर्जी-पोळी खाल्ली, चहा प्यायलो. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा जाता जाता माओरीत "किया ओरा" म्हणाला, पप्पांनी त्याला आपल्या पद्धतीनं सलाम केला. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय मजेत माणसं आहेत.

गालीलच्या समुद्रावर गेलो तर समुद्रच नाही. आम्ही भरती-ओहोटी बघूनच निघालो नव्हतो. शेजारच्या हिल्सबरोच्या खालच्या अंगाला किनाऱ्यावर उभे राहिलो तर समोर लांबपर्यंत करडा चिखल, त्यात काटक्यांसारख्या पायांचे पक्षी. पोरीनं वाटेत मुद्दाम थांबून फिश अँड चिप्स घेतले होते, येशूनं भाकरी आणि मासे वाटले ते आठवून. ती ते पुडकं हातात धरून बिचारी तशीच उभी. पप्पांनी त्यातला एक तुकडा घेतला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खाडीच्या पलीकडे बघत राहिले. पलीकडे विमानतळ आहे. मंडळीचं विमान दुपारचं होतं. एक विमान उठलं, ढगात गेलं, मग थोड्या वेळानं दुसरं. त्यातलं त्यांचं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. पप्पांनी दोन्ही विमानं दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

मी म्हटलं, झालं ना, आता घरी. चढ चढून वर रस्त्याला लागलो तर डाव्या हाताला हिल्सबरोची दफनभूमी. मी तिथून हजारदा गेले असेन. पप्पा म्हणाले, गाडी थांबव. इथं काय आहे, मी विचारलं. ते म्हणाले, कबर राहिली ना बघायची. यरुशलेमला जाणारे सगळे शेवटी येशूची कबर बघतात.

मला ते मुळीच आवडलं नाही, पण थांबवली. पोरगी गाडीतच बसली. पप्पा ओळींमधून सावकाश चालत होते, दर दोन दगडांमागे दम घ्यायला थांबत. कुठली कुठली नावं, टोंगा बेटांवरच्या लोकांची, चिन्यांची, जुन्या गोऱ्यांची. एका ठिकाणी ते बराच वेळ उभे राहिले. मी जवळ जाऊन बघितलं. नवरा-बायकोचा एकत्र दगड, एका बाजूची तारीख कोरी.

"इथंही करतात," ते म्हणाले. मग चपलेच्या टोकानं माती उकरल्यासारखं केलं आणि माती कशी आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं चिकणमाती. पाणी धरत असेल, म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, पुरे आता.

ते तिथल्या बाकावर बसले. समोर खाली खाडी, तिच्यापलीकडे विमानतळ. पाऊस यायच्या बेतात होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला यरुशलेम बघायचं नव्हतं गं."

मला वाटलं, मनाची समजूत घालतायत. मी म्हटलं, असू दे, नशिबात नव्हतं.

"तसं नाही. मला येताना मुंबईला उतरायचं होतं. पुढच्या विमानात बसायचंच नव्हतं. तिथंच खुर्चीवर बसून राहिलो असतो. म्हाताऱ्या माणसाला उचलून विमानात कोण घालतंय? मग तूच वैतागून नगरला नेऊन सोडलं असतंस."

अख्ख्या मंडळीनं ह्यांच्यासाठी प्रार्थना केल्या होत्या. पाळकांनी ह्यांचं उदाहरण देऊन प्रवचन केलं होतं, की बघा, ह्या वयात केवढी ओढ. आणि हे मुंबईच्या विमानतळावर ठिय्या देणार होते. मी त्यांच्यावर ओरडलेच. म्हटलं, मला सरळ सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

"सांगितलं होतं की. तू विषय बंद केलास."

ते रागावून बोलले नाहीत. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं बोलले. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी येतो म्हणून सांगून निघालो होतो." आणि त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी शेजारी बसले आणि मीही रडले. राग जात नव्हता आणि रडूही थांबत नव्हतं. पाऊस आला तसं पोरीनं गाडीतून छत्री आणली आणि आमच्या दोघांवर धरून स्वतः भिजत उभी राहिली.

नंतर आम्ही ह्यावर एकदाच बोललो. मी चौकशी केली होती, माणूस गेल्यावर पेटीतून नेता येतं. मी ते त्यांना सांगितलं, म्हटलं तुमची तशी इच्छा असेल तर मी करीन. ते म्हणाले, नको, चालत गेलो असतो तर गोष्ट वेगळी, सामान होऊन जायचं नाही मला. सहलीहून आलेल्यांनी त्यांच्यासाठी जैतुनाच्या लाकडाचा छोटा क्रूस आणला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले आणि कपाटात ठेवून दिला.

जुलैमध्ये, ऐन थंडीत, पप्पा गेले. माती हिल्सबरोलाच दिली. खड्डा खणला तर तळाला खरंच पाणी होतं, आणि मला त्या वेळी दुसरं काहीच सुचत नव्हतं, फक्त पाणी धरत असेल म्हणाले होते ते. मंडळीनं गीतं म्हटली. मी मूठभर माती टाकली, ती हाताला चिकटून राहिली.

महिनाभरानं नगरहून चुलतभावाचा फोन आला. आईच्या दगडावर कोऱ्या जागेत तारीख घालायला पाथरवट तयार आहे, सांगू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे, मी येईन तेव्हा बघू.

पुढच्या ईस्टरला मी गेले. मुंबईला उतरले आणि सामान घेऊन बाहेर पडायच्या आधी तिथल्या एका खुर्चीवर उगीच बसून राहिले. कुणी उठवलं नाही. खरंच कुणी उठवत नाही. मग नगरची गाडी धरली.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळे दफनभूमीत जातात. कबरी धुतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. आईच्या बाजूला मी झेंडूची फुलं ठेवली. पप्पांच्या बाजूला खाली काहीच नाही, कोरडी भुरभुरीत माती, तरी तिथंही ठेवली. शेजारच्या कबरीला चुना लावणारी एक बाई मघापासून आमचा दगड वाचत होती. ती हात पुसत जवळ आली आणि कोऱ्या जागेकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हे तुमचे वडील का? आहेत ना अजून?"

मी म्हटलं, "हो. न्यूझीलंडला असतात."