साडूच्या यादीतला निळा चौकोन

वजनकाट्यावरचे थोरले आणि धाकटा हे साडू. बायका सख्ख्या बहिणी, एकमेकींवाचून घास न उतरणाऱ्या. नवरे मात्र एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला टपलेले. गोदामाच्या फाटकाशी एक खोली, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची. सकाळी सात ते दोन थोरले, पुढे धाकटा. सव्वीस वर्षांत थोरल्यांनी हजारो ट्रक तोलले, पण साडूशी सरळ तोंडानं बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

अलीकडे कॉम्प्युटर जागा व्हायलाच अठरा मिनिटं घ्यायचा. बटण दाबलं की धाकट्याची गाणी, धाकट्याच्या गप्पांची खिडकी, धाकट्याचा पत्त्यांचा डाव, सगळं आपोआप उघडत बसायचं. तोवर ट्रक रस्त्यापर्यंत तुंबायचे. शेवटी साहेबांनी सुनावलं, "उद्या साडेसातला येतो. रांग दिसली तर तुम्ही आत पोती मोजायला. सकाळची खुर्ची धाकट्याला."

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळी संपता संपता त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, टास्क मॅनेजर उघडा. त्यात स्टार्टअपची, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप उघडणाऱ्यांची यादी आहे. नको असेल त्यावर डिसेबल दाबा. पण वाचून हं!"

वाचतंय कोण? यादीत सात नावं, एकापुढं निळा चौकोन, सातही साडूनं घातलेली. सगळी उडवली आणि मिशीत हसत घर गाठलं.

सकाळी कॉम्प्युटर मिनिटभरात तयार. पहिला भरलेला ट्रक काट्यावर चढला. पडद्यावर वजन शून्य.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, एका रात्रीत इतका बारीक झालो होय मी?"

मागचे खदखदून हसले. दुसरा ट्रक लागला, पाचवा लागला. सात वीस झाले. थोरल्यांनी दात खात साडूला फोन केला. मेहुणीनं उचलला.

"भावोजी? इतक्या सकाळी? थांबा, उठवते."

धाकटा जांभई देत म्हणाला, "बोला. आमची आठवण कशी झाली?"

"वजन दिसत नाही."

"माझं काय काय काढलंत?"

"सगळं."

"वा! निळ्या चौकोनाचंही? अहो, काट्यावरचं वजन कॉम्प्युटरात तेच आणतं. तुम्ही रोज ते सुरू करायला विसरता म्हणून मीच यादीत घातलं. आता ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणा, धाकट्याला जास्त कळतं."

थोरल्यांनी फोन कट केला. कळायचं तेवढं कळलं होतं. यादी उघडली, निळा चौकोन तेवढा पुन्हा चालू केला, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. एक मिनिट. वजन पडद्यावर आलं आणि ट्रक भराभर सुटू लागले. साहेबांची गाडी फाटकात शिरली तोवर शेवटचा ट्रक उतरत होता. साहेबांनी मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि "बसा खुर्चीत" म्हणत आत गेले.

दोनला धाकटा आला. "माझी गाणी कुठायत?"

"हातानं सुरू कर की," थोरले खुर्चीतून न उठता म्हणाले. "तू कुठं विसरतोस?"

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. निवृत्त होईपर्यंत थोरल्यांनी ती यादी रोज तपासली, साडूचं नवं काही दिसलं की उडवलं. निळ्या चौकोनाला मात्र हात लावला नाही. आभार? ते कसले!