भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध

चिंचपोकळी स्टेशनाजवळ माझ्या मामेभावाचा गाळा आहे. तिथे मिठाईसाठी पुठ्ठ्याची खोकी बनतात. गेल्या वर्षी बँकेने दुसऱ्या मशीनसाठी कर्ज द्यायची तयारी दाखवली, म्हणून त्याने शेजारचा गाळाही भाड्याने घेतला. विमा असला की बँक कर्ज देते, कर्ज मिळालं की माणूस धंदा वाढवतो, आणि असे पुष्कळ गाळे वाढले की देश वाढतो, असं मी रविवारच्या पुरवण्यांत अनेकदा वाचलं आहे. वाचताना पटतंही.

विमा एजंटने तेव्हा विचारलं होतं, दहशतवादाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, घेताय का?

"अतिरेकी माझ्या गाळ्यात कशाला येईल?" भाऊ म्हणाला. "आला तरी त्याला गाडी लावायला जागा मिळायची नाही."

आम्ही सगळे हसलो होतो.

मग एका दुपारी कॉम्प्रेसरची टाकी फुटली. कामगार जेवायला बाहेर बसले होते म्हणून वाचले. छपराचे पत्रे उडाले, मशीन वाकलं, पुठ्ठ्याने पेट घेतला. फाटलेली टाकी गाळ्याच्या मधोमध पडली होती आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी ती बघताक्षणी काय झालं ते सांगितलं. पण धूर विरायच्या आत आमच्या विभागाचे नेते आले, त्यांच्यामागून कॅमेरे आले, आणि संध्याकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला: भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध. खाली साहेब हात जोडून उभे. हल्ल्यापेक्षा चेहरा मोठा.

विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर सभ्य माणूस होता. त्याने टाकीचा फोटो काढला, मग बाहेर जाऊन फ्लेक्सचाही काढला.

"आग, स्फोट, सगळ्याचा विमा आहे तुमचा," तो म्हणाला. "फक्त दहशतवादाचा नाही."

"अहो, टाकी समोर पडलीये."

"मला दिसतेय. पण बाहेर लिहिलंय ते कंपनीलाही दिसणार. पोलिसांचा अंतिम अहवाल येऊ दे."

पोलिसांनाही टाकी दिसत होती. पण टीव्हीवर हल्ला होऊन गेल्यावर ती तशीच उचलून कशी चालेल? तिचे तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि तिथे निवांत राहिले. बँक म्हणाली, क्लेम मिटला की मशीनचं बघू. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीच्या ऑर्डरी भिवंडीला गेल्या. भाऊ दोन गाळ्यांचं भाडं भरत होता आणि एकातही काम चालत नव्हतं.

शेवटी आम्ही दोघं साहेबांच्या कार्यालयात गेलो.

"साहेब, तेवढा फ्लेक्स काढा," भाऊ म्हणाला. "कॉम्प्रेसर होता तो."

"म्हणजे निषेध मागे घ्यायचा? लोक म्हणतील, साहेब घाबरले."

"पण हल्लाच नव्हता, साहेब."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही साधी माणसं. तुमच्या नाही लक्षात येणार."

बाहेर पडताना दाराशी खुर्ची टाकून बंदूकधारी पोलीस बसलेला दिसला. तो पूर्वी नव्हता.

"बघितलंस दादा?" जिना उतरताना भाऊ म्हणाला. "त्याला बॉडीगार्ड मिळाला. आता कॉम्प्रेसर कसा चालेल त्याला?"

अहवाल यायचा तेव्हा आला. त्यात लिहिलं होतं, कॉम्प्रेसर. क्लेमही मिळाला, पण तोवर शेजारचा गाळा सोडून झाला होता आणि भिवंडीला गेलेली गिऱ्हाइकं तिथेच रमली होती. भाऊ आता एकाच मशीनवर काम करतो. दुसऱ्याचा विषय मी काढत नाही. पुरवण्या अजून वाचतो, पण आता मध्येच ठेवून देतो.

मध्यंतरी पॉलिसीचं नूतनीकरण होतं. एजंटने तोच प्रश्न विचारला आणि भावाने दहशतवादाचं संरक्षण निमूट घेतलं. मला राहवलं नाही.

"अरे, अहवालात स्वच्छ लिहिलंय ना, अतिरेकी नव्हते म्हणून?"

"माहितीये दादा," सही करत तो म्हणाला. "हे साहेबांसाठी घेतोय."